डार्कटेबल आणि आमच्याकडचा पाऊस: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून आख्खा पावसाळा गेला, हिवाळा गेला, आता ऊन तापायला लागलंय. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते बेळगाव-खानापूरकडच्या उजेडाबद्दल, आणि त्या उजेडापुढं हे सॉफ्टवेअर कुठं टिकतं त्याबद्दल.

आमच्याकडं उजेडाचा त्रास दोन तऱ्हेचा. जांबोटीवरून कणकुंबी, चोर्ला घाटाकडं निघालं की जुलैत आभाळ पांढरंफेक आणि झाडी जवळजवळ काळी, मधे धुकं. झाडीवर एक्स्पोजर धरलं तर आभाळ जळतं, म्हणजे कोरं पांढरं होतं, आभाळावर धरलं तर झाडीचा नुसता काळा गोळा. गोकाकला ढग फाटून ऊन आलं की वेगळाच घोळ. दरीत गडद सावली, आणि ५२ मीटरवरून कोसळणाऱ्या घटप्रभेच्या तुषारांवर थेट ऊन. भर पावसाळ्यात ते पाणी तांबूस गढूळ असतं. कॅमेऱ्यातलं जेपेग एक तर त्याला भडक विटकरी करतं, नाही तर तुषारांचा भाग कोरा पांढरा करून सोडतं. म्हणून मी फक्त रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढतो, तेही एक-दीड स्टॉप कमी एक्स्पोजरवर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पुढचं सगळं घरी.

डार्कटेबलमधल्या प्रत्येक अवजाराला मॉड्यूल म्हणतात. फोटोतले गडद आणि उजळ भाग वेगवेगळे वरखाली करणारं टोन इक्वलायझर हे एकच मॉड्यूल असतं तरी मी हे सॉफ्टवेअर ठेवून घेतलं असतं. राजहंसगडावरून संध्याकाळी पश्चिमेकडं तोंड करून काढलेला एक फोटो घ्या. समोर तटबंदी काळी, खाली येळ्ळूरकडची भाताची शेतं, वर ढगाची किनार पेटलेली. आधी एक्स्पोजर मॉड्यूलमधे शेतं डोळ्याला बरी दिसेपर्यंत उजेड वाढवायचा. आभाळ पांढरं पडलं तरी तिकडं बघायचं नाही. मग टोन इक्वलायझर उघडून थेट मास्किंगच्या टॅबवर जायचं, तिथं फोटोचा गडद-उजळ भागांचा नकाशा, म्हणजे मास्क, ठरतो. ही पायरी लोक गाळतात, आणि मग मॉड्यूल काहीच करत नाही म्हणून तक्रार करतात. तिथली जादूच्या कांडीची बटणं दाबून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, गडद ते उजळ अशा सगळ्या पट्ट्यांवर पसरवून घ्यायचा. तो एका कोपऱ्यात गोळा होऊन बसला असेल तर तटबंदी आणि आभाळ वेगळं धरताच येत नाही. हे झालं की कर्सर फोटोतल्या तटबंदीवर न्यायचा आणि माउसचं चाक फिरवायचं. तटबंदी उजळते, दगडांचे सांधे दिसायला लागतात, शेतं जागच्या जागी. कर्सर आभाळावर नेऊन चाक उलटं फिरवलं की किनारीचा केशरी रंग परत येतो. तटाच्या कडेला ती पांढरी झालर येत नाही, कारण मास्क कडा ओळखून आतला भाग गुळगुळीत करतो. प्रत्येक पट्टा दोन स्टॉप वर किंवा दोन स्टॉप खाली जातो. मी एकाच्या वर सहसा जात नाही. त्यापुढं फोटो किराणा दुकानाच्या कॅलेंडरसारखा दिसायला लागतो.

सगळ्यात शेवटी चित्राचा उजेड स्क्रीनला झेपेल अशा मापात बसवायला फिल्मिक आरजीबी किंवा सिग्मॉइड यांपैकी एक मॉड्यूल. फिल्मिकमधे बारकावे जास्त, डोकेदुखीही जास्त. सिग्मॉइड २०२२ च्या डिसेंबरात ४.२ आवृत्तीत आलं. त्याचे दोन मुख्य स्लायडर माझ्या नव्वद टक्के फोटोंना पुरतात.

आता धुकं. धुकं काढणारं हेझ रिमूव्हल नावाचं मॉड्यूल आहे आणि ते काम चोख करतं, तिथंच गोची आहे. कुसमळीजवळच्या सकाळच्या एका फोटोवर ते पूर्ण ओढून खानापूरच्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "हे काय करूलास बा, पाऊसच पुसून टाकलास की!" खरंच, मागचा डोंगर लख्ख दिसत होता, पण तो मे महिन्यातला डोंगर वाटत होता. हे मॉड्यूल मी उन्हाळ्यातल्या धुरकट दुपारीच वापरतो. हिडकल धरणाच्या पाण्यापलीकडचा काठ त्यानं छान मोकळा होतो. पावसाळी फोटोत उलटा उपयोग आहे: स्ट्रेंग्थ शून्याच्या खाली नेली की ते धुकं वाढवतं. अगदी थोडं खाली नेलं की टोन इक्वलायझरनं सपाट केलेली मागची झाडी परत एकेक पदर मागं सरकते. ही सोय मला फार आवडली.

रंगाचं सांगायचं तर खानापूरची लाल माती व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून रंग खरे करण्याला, हमखास फसवते. कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमधला रंग उचलायचा पिकर मातीवर धरला तर तो तिलाच राखाडी समजतो आणि भात निळसर हिरवा करून टाकतो. रस्त्याकडेचा सिमेंटचा कठडा सापडला तर तो धरावा. पण धुक्याच्या सकाळी कठड्याप्रमाणे बरोबर आलेला रंगसुद्धा मला बरोबर वाटत नाही, हवेतला गारवा निघून जातो. मी तो निळेपणा निम्मा परत घालतो. इथं मोजमाप बाजूला ठेवलेलं बरं.

जळलेल्या आभाळाबद्दल भ्रम नको. शिफ्ट आणि ओ दाबलं की रॉमधे खरंच काय जळलंय ते दिसतं. पुष्कळदा स्क्रीनवर पांढरं दिसणारं आभाळ रॉमधे शाबूत असतं. लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलांपैकी फक्त हिरवा गेला असेल तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन मॉड्यूल बेमालूम भरून काढतं. तिन्ही गेले असतील तर मऊ राखाडी रंग मिळेल, ढग मिळणार नाही.

कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडून एकच एचडीआर फोटो करता येतो, पण डार्कटेबल फोटो एकमेकांवर जुळवून घेत नाही, म्हणून ट्रायपॉड लागतोच. आणि ट्रायपॉड असला तरी घाटातल्या वाऱ्यात बांबू आणि भात थांबतात कुठं? पानांची भुतं होतात. त्यापेक्षा एकच फोटो कमी एक्स्पोजरवर काढून उचललेला बरा. सावलीत दाणे येतात, ते डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल काढतं, कारण त्यात कॅमेऱ्यानुसार आणि आयएसओनुसार मोजून ठेवलेली माहिती असते.

कुणी घ्यावं? ज्याला लग्नाचे हजारभर फोटो आठवड्यात द्यायचेत त्यानं यात पडू नये. मॉड्यूलांची गर्दी आहे, नावं रुक्ष आहेत, पहिले काही आठवडे चिडचिड होणार. ग्राफिक कार्ड नसेल तर डिफ्यूज ऑर शार्पन हे फोटो मऊ किंवा टोकदार करणारं जड मॉड्यूल चालू करून चहा ठेवायला जावं. निवांत बसून एकेक फोटो करणाऱ्याला मात्र यापेक्षा जास्त काही लागणार नाही. मी वर सांगितलेली मॉड्यूलं क्विक ॲक्सेसमधे, म्हणजे हाताशी राहणाऱ्या पॅनेलमधे, लावून ठेवली आहेत, बाकीची महिनोन्‌महिने उघडत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. मूळ रॉ फाइलला सॉफ्टवेअर हात लावत नाही, तुमचं सगळं काम शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत असतं. पेनड्राइव्हवर नुसती रॉ दिलीत तर समोरच्याला कोरा फोटो मिळेल. दुसरं, मोठी नवी आवृत्ती जून आणि डिसेंबरात येते, आणि नव्या आवृत्तीनं एकदा लायब्ररी, म्हणजे डार्कटेबलची फोटोंची नोंदवही, उघडली की जुनी आवृत्ती ती उघडत नाही. जूनची आवृत्ती नेमकी मिरगाच्या पावसाबरोबर येते. मी ती तेव्हा घालत नाही. लायब्ररीची प्रत काढून ठेवतो आणि भात कापून झाल्यावर बघतो.