‘रविवर्मा प्रेसची सरस्वती’ म्हणून मला ४३,३०० रुपयांना काय विकलं, ते वाचा

आधी आकडे. ६,००० रुपये इसार, ३०,००० चित्र घरी आल्यावर, ४,५०० ‘तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रा’चे आणि २,८०० फ्रेमचं पॉलिश आणि नव्या काचेचे. एकूण ४३,३००. त्या पैशात माझ्या घरी आला तो चहाच्या पाण्याने पिवळा केलेला, हल्लीच्या ऑफसेट मशीनवर छापलेला कागद. बडोद्यात हा माणूस अजून फिरतोय, म्हणून लिहिते आहे. लोक काय म्हणतील या लाजेने मी गप्प बसले आणि तेवढ्यात त्याने आणखी एक घर गाठलं.

लेकीला यंदा फाइन आर्ट्सला प्रवेश मिळाला. तिला आयुष्यभर जवळ राहील असं काहीतरी द्यायचं होतं. सोन्याची आवड आमच्यात कुणालाच नाही. गाण्याची मैफल, चित्रांचं प्रदर्शन, चार माणसांना घरी बोलावून करून घालणं, यावर आमचा पैसा जातो आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. तिला लहानपणापासून लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फतेसिंग म्युझियममध्ये मीच नेत आले. महाराज सयाजीरावांनी बडोद्याला बोलावलेल्या रविवर्म्याची मूळ चित्रं आपल्या गावात आहेत, हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं. मूळ चित्र घेणं आपल्यासारख्यांच्या स्वप्नातही नाही. पण १८९४ साली त्याने मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्याची चित्रं, ती जुनी ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून एकेक रंग चढवून छापलेली चित्रं, अजून घराघरांतून निघतात. माझ्या आजीच्या देवघरात लक्ष्मी होती. लेकीसाठी सरस्वती घ्यावी, असं मनात आलं.

जुनी पितळी भांडी, पुस्तकं, घड्याळं विकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी चौकशी केली आणि त्याच दिवशी त्याचा फोन आला. अस्सल बडोद्याची मराठी. “काकू, दांडिया बाजारातला आमचा वाडा बिल्डरला दिला, आजोबांच्या वस्तू निघाल्यात. परक्याला द्यायचं जिवावर येतं, आपल्या माणसाकडे जावं असं वाटतं.” हे वाक्य लक्षात ठेवा. तुमच्याकडेही तो हेच म्हणेल, तुम्ही मिरजेत असा नाहीतर इंदूरला. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले किती वाडे पडले हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. किंमतही फार स्वस्त नव्हती. स्वस्ताला भुललीस, असं मला आजवर चौघांनी ऐकवलंय. ३६,००० रुपये हे भुलणं नाही. ते माझ्या भिशीचे आणि दोन दिवाळ्यांच्या बोनसचे साठवलेले पैसे होते.

तो स्वतः चित्र घेऊन घरी आला. काच वाटेत फुटेल म्हणून काढून ठेवली आहे, म्हणाला. सोफ्यावर बसून त्याने माझ्या हातचे साबुदाणा वडे खाल्ले, चहा घेतला, आजोबा कसे शनिवारी सुरसागरच्या काठाने फिरायला न्यायचे ते सांगितलं. आणि इथेच ती गोष्ट झाली, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, पाण्याचा एक जुना डाग होता. मी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. पाणी पिऊन वाळलेला कागद तिथे फुगतो, खरखरीत होतो, हा गुळगुळीत. माझं बोट थबकलं, हे त्यानेही पाहिलं. लगेच म्हणाला, “मागून पट्टी लावून सपाट करून घेतलंय काकू.” मागची बाजू बघू म्हटलं तर ती खाकी कागदाने डिंक लावून बंद केलेली. “उघडू नका, बडोद्याच्या पावसाळ्यात दमट हवा शिरली तर रंग उडेल.” पाण्याचा डाग कागदाच्या आरपार जातो, मागे तो दिसायलाच हवा. मागची बाजू बंद होती ती एवढ्याचसाठी. पण समोर आपल्या घरचं खाणारा, आजोबांच्या आठवणीने डोळे ओले करणारा माणूस बसलेला असताना कोणती बाई सुरी घेऊन फ्रेम उचकटेल? मला तरी तशा संस्कारांत वाढवलेलं नाही.

पैसे पाठवताना फोनवर नाव आलं ते त्याचं नव्हतंच, कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं. “भाच्याचं खातं आहे, माझं आजचं लिमिट संपलंय.” जो माणूस समोर बसलाय त्याचंच नाव पडद्यावर येत नसेल तर पिन टाकू नका. भाचा नाही, मेहुणा नाही, कुणी नाही.

प्रमाणपत्राचं नंतर निघालं. विम्याला लागतं, विकताना लागतं, म्हणून ४,५००. सोनेरी शिक्का, खाली ‘कला तज्ज्ञ’ आणि एक गिचमिड सही. पत्ता नाही, फोन नाही. प्रमाणपत्र विकणाराच आणून देत असेल तर ते कागद म्हणूनही घेऊ नका.

लेकीने वर्ग सुरू झाल्यावर भिंग आणलं. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असतो, त्यामुळे भिंगाखाली दाणेदार, वेडेवाकडे ठिपके दिसतात. ऑफसेटमध्ये चारच रंगांचे ठिपके सारख्या अंतरावर ओळीने, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले दिसतात. आमच्या सरस्वतीच्या गालावर, वीणेवर, मोरावर तीच फुलं. खालच्या छापखान्याच्या नावाची अक्षरं जुन्या छपाईत एकसंध शाईची असतात, आमची ठिपक्यांनी बनलेली. आणि तो पाण्याचा डाग? त्यातही तेच ठिपके. डागच छापलेला होता! कुठल्यातरी खऱ्या चित्राचा फोटो घेऊन, डागासकट छापून काढलं होतं. मग मागचा खाकी कागद फाडला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नोटा तपासायचा निळा दिवा आणला. कागद मागून पांढरा-निळा चमकला. हल्लीच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालतात, शंभर वर्षांपूर्वी ती कागदात नव्हतीच. दिवा फुकटात मिळतो, वाणी नाही म्हणत नाही. पैसे देण्याआधी मागून घ्या.

आता पुढचं. चोराने ४३,३०० घेतले, त्याचा राग आहेच. पण ज्यांच्याकडे दाद मागायला गेले त्यांनी जे केलं त्याचा जास्त आहे.

पोलीस चौकीत म्हणे, ऑनलाइन पैसे गेले ना, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, “वस्तु तो मळी गई ने, बेन?” हो, मिळाली, पण खोटी. मग हे सायबर नाही, चौकीत जा. परत चौकीत. तिथल्या साहेबांनी सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, वकील करा. चारशे-वीसची तक्रार लिहून घ्या म्हटलं तर मलाच उलट विचारलं की शंभर वर्षांची वस्तू बिगर लायसन्सवाल्याकडून घेतलीच कशी, पुरातन वस्तूंचा कायदा माहीत आहे का, अडचणीत याल. अहो, ती वस्तू शंभर वर्षांची नाही हीच तर माझी तक्रार आहे! बाकावर बसून होते तेव्हा शेजारचा हवालदार चित्राचा फोटो बघून दुसऱ्याला म्हणाला, “सारू तो लागे छे.” छान दिसतंय, मग रडता कशाला, असा त्याचा सूर. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा. त्या ट्रेडर्सचं खातं कुणाचं, एवढं विचारलं, तर ती माहिती गोपनीय. माझे पैसे ज्याच्या खिशात गेले त्याचं नाव मला गोपनीय.

हे सगळं मी पुस्तकं उघडून, माहीतगारांना विचारून शिकले, ते तुम्हाला आधीच सांगते. १ जुलै २०२४ पासून चारशे-वीस राहिलेलं नाही, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे; तक्रारीत तेच लिहा. ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी नोंदवून घेतात ती तक्रार. घेतच नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला लेखी, पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मी तसं पाठवल्यावरच चौकीतून पहिल्यांदा मला फोन आला. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्याच तासाला करायचा, पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी. माझ्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

परवा सुरतेच्या एका बाईंनी ग्रुपवर त्यांच्या ‘नव्या’ सरस्वतीचा फोटो टाकला. डाव्या कोपऱ्यात खाली तोच डाग, तसाच, आंब्याच्या कोयीच्या आकाराचा. त्यांना ४२,००० सांगितले होते, २५,००० देऊन झाले होते. आता आम्ही दोघींनी मिळून पुरवणी तक्रार दिली आहे, दोन्ही चित्रांचे एकमेकांशेजारी ठेवलेले फोटो जोडून. एकाच डागाची दोन चित्रं समोर आल्यावर त्याच साहेबांनी ‘दिवाणी’ शब्द उच्चारला नाही. कुणाच्या घरी, नातेवाइकांकडे त्या डागाची सरस्वती आली असेल, तर चित्र फेकू नका, त्याचे चॅट पुसू नका, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. तिसरी तक्रार आली की तपास अधिकारी खात्याची माहिती मागवणार आहेत, असं आम्हाला सांगितलंय. तिसरी कशाला लागते, हे मी त्यांना विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.