शाळेच्या टीमसाठी मोठं स्कोअरबुक: १००९ धावा मावतात का ते भरून बघितलं

सरळ सांगते, शाळेच्या टीमसाठी स्कोअरबुक घेत असाल तर छोटं घेऊ नका, हे मोठं आडवं घ्या. मुंबईत धोबी तलावला स्पोर्ट्सच्या दुकानांची जी ओळ आहे तिथे मिळतं, लोकल छपाई आहे, निळं पुठ्ठ्याचं कव्हर, किंमत साध्या बुकाच्या दुप्पट पडते. मी शाळेत पीटी घेते आणि मॅच असली की तंबूत टेबलावर स्कोअरिंगला मीच बसते, आंडर-१४ आणि आंडर-१६ दोन्ही टीमचा सीझन यातच लिहून झालाय, त्यामुळे वापरून सांगतेय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅट्समनच्या नावापुढची पट्टी. साध्या बुकात ती इतकी आखूड असते की मुलगा साठ-सत्तरच्या पुढे गेला की आकडे एकमेकांवर चढायला लागतात, मग समासात लिहा, मग खालच्या बॅट्समनच्या रांगेत घुसा, आणि संध्याकाळी टोटल जुळवताना कुणाचा चौका कुणाच्या नावावर गेला ते शोधत बसा. यात प्रत्येक नावाला दोन ओळी आहेत, शिवाय मागे नुसत्या रिकाम्या पट्ट्यांची पानं दिलीत, इनिंग लांबली की तिकडे चालू ठेवायची. कोणी म्हणेल शाळेच्या मॅचला एवढं कशाला लागतंय. अहो, आपल्याकडच्या शाळांनाच तर लागतं!

कल्याणची प्रणव धनावडेची इनिंग घ्या. जानेवारी २०१६, शाळांची भंडारी कप स्पर्धा, के. सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. पंधरा वर्षांचा पोरगा, पहिल्या दिवशी संध्याकाळी ६५२ वर नाबाद, दुसऱ्या दिवशी परत येऊन १००९ नाबाद. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे नुसत्या बाउंड्रीच्याच १८८ नोंदी एका नावापुढे, त्याच्या झाल्या ८७० धावा, उरलेल्या १३९ पळून काढलेल्या, त्या परत एक-एक दोन-दोन करून लिहायच्या. बुक घरी आणल्यावर मी पेन्सिलने हेच भरून बघितलं, क्रम अर्थातच खरा नाही, आधी सगळे चौके, मग छक्के, मग सिंगल, नुसती जागा बघायला. नावापुढच्या दोन ओळी आणि मागचं एक पान, एवढ्यात बसली अख्खी इनिंग, आणि आकडे नीट वाचता येतात. लिहिताना हात दुखायला लागला तेव्हा कळलं की हा मुलगा साधारण साडेसहा तास क्रीझवर उभा होता आणि त्याच्यासोबत त्या मॅचचे स्कोअररही तितकाच वेळ मान खाली घालून बसले होते.

या इनिंगवर लगेच बोललं जातं की समोरची टीम कच्ची होती, एका बाजूची बाउंड्री जवळ होती. खरंच आहे ते, आणि स्कोअरबुक ते लपवत नाही, आर्य गुरुकुलचे ३१ आणि ५२ ऑलआउट त्याच मॅचच्या पानांवर असतात, गांधी स्कूलचे ३ बाद १४६५ सुद्धा. समोरच्या लहान पोरांनी दोन दिवस बॉलिंग टाकली, फील्डिंग केली, त्यांच्याबद्दल मला जास्तच वाटतं. पण म्हणून प्रणवचं कमी होत नाही, कच्च्या बॉलिंगवर शंभर मारून विकेट फेकणारी मुलं मी दर सीझनला बघते.

पुढे भारताकडून खेळलेल्या पृथ्वी शॉची शाळेतली ५४६ ची इनिंग मला जास्त आवडते हे खरं. नोव्हेंबर २०१३, मुंबईतल्या शाळांची हॅरिस शिल्ड स्पर्धा, आझाद मैदान, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ३३० बॉलमध्ये, वय १४. त्यात ८५ चौकार पण षटकार फक्त ५, हिशोब केलात तर १७६ धावा पळून आहेत. म्हणजे पोरगा जमिनीवरून खेळत राहिला, सचिनला घडवणाऱ्या आचरेकर सरांच्या काळापासून मैदानावर जे शिकवतात तेच. बॉल-बाय-बॉल लिहिलेलं पान असलं की हे दिसतं, नुसता ५४६ आकडा बघून काय कळणार?

आता तक्रार. खाली चालू धावसंख्येचे जे छापील आकडे असतात, एक-एक धाव झाली की खोडत जायचं, ते यात ६०० ला संपतात. शाळेच्या मॅचला ६०० कमी पडतात हो! पृथ्वीच्या मॅचला रिझवी ९९१. सचिनची शाळा शारदाश्रम १९८८ ला सेंट झेवियर्सविरुद्ध हॅरिस शिल्डच्या सेमीफायनलला २ बाद ७४८. त्यातल्या विकेट बघा, ८४ वर दुसरी पडली, आणि मग पुढे काहीच नाही, सचिन ३२६ नाबाद, विनोद कांबळी ३४९ नाबाद, ६६४ ची पार्टनरशिप. विकेट कधी पडली त्याची जी चौकट असते ती जवळजवळ कोरी. नंतर कांबळीनेच ३७ धावांत ६ विकेट काढल्या आणि झेवियर्स १४५ ला आउट, हे फार कोणाला आठवत नाही, बॉलिंगचं पान कोण उलटतंय. आणि अमोल मुजुमदार पॅड बांधून पुढच्या नंबरला बसून होता, अख्खा वेळ. त्याच्या नावापुढे काय लिहिणार, बॅटिंग आली नाही. हाच माणूस पुढे रणजी ट्रॉफीत धावांचे डोंगर रचतो आणि २०२५ ला भारतीय मुलींच्या वर्ल्डकप जिंकणाऱ्या टीमचा कोच असतो. माझ्या वर्गातल्या पॅड बांधून बसलेल्या पोरांना मी हे दरवेळी सांगते.

बॉलिंगचं पान ठीक आहे, एका बॉलरला २४ ओव्हरच्या चौकटी, एका ओव्हरची चौकट एवढी मोठी की वाइड-नोबॉल धरून आठ-नऊ खुणा बसतात. मेडन, म्हणजे एकही धाव न दिलेली ओव्हर, तिचे टिंब जोडायलाही जागा राहते. कागद जाड आहे, बॉलपेन मागे उमटत नाही, जेल पेन मात्र घाम लागला की पसरतं. शिवण पक्की आहे, पान सपाट उघडतं, मैदानावर वारा असतो तेव्हा याची किंमत कळते, तरी दोन क्लिपा लावाच.

फोनवर ॲप असताना वही कशाला असं पालक विचारतात. ॲप मीही वापरते, घरी बसलेल्यांना लाइव्ह दिसतं, छानच आहे. पण दुपारी उन्हात स्क्रीन दिसत नाही, बॅटरी तीनला मान टाकते, आणि दोन्ही टीमचे स्कोअरर दर ओव्हरला एकमेकांचं पान बघून "चेक" म्हणतात ना, ती सवय मुलांना लागायला हवी. इंग्लंडमध्ये १८९९ ला कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या मुलाने क्लिफ्टन कॉलेज शाळेतल्याच दोन हाउसमधल्या मॅचला नाबाद ६२८ केले, प्रणवपर्यंत ११६ वर्षं तोच विक्रम होता, आणि त्याचा स्कोअरर म्हणे म्हणाला होता की ६२८, वीस इकडे किंवा तिकडे. एवढ्या मोठ्या इनिंगला असं "वीस इकडे-तिकडे" चिकटलं तर मुलाचं किती नुकसान.

तर पाचपैकी चार स्टार, एक त्या ६०० च्या आकड्यांसाठी कापला. शाळांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवा, शिल्डच्या मॅचेस सुरू झाल्या की संपतात. आणि जमलं तर दोन घ्या, समोरची टीम बऱ्याचदा साध्या रेघी वहीवर लिहीत असते, त्यांना एक देता येईल.