पदवीच्या प्रॅक्टिकलला एनएमआर: बेंचटॉप घ्यावं की सॅम्पल बाहेर पाठवावं?

दोन्ही वाटा मी चाललो आहे. एनएमआर म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने रेणूची रचना दाखवणारं तंत्र; मेगाहर्ट्झचा आकडा मोठा तितका चुंबक ताकदवान. 60 ते 100 मेगाहर्ट्झचं बेंचटॉप, म्हणजे टेबलावर मावणारं छोटं यंत्र, आपल्याच प्रयोगशाळेत ठेवायचं, की सॅम्पल 400 मेगाहर्ट्झच्या सामायिक यंत्राकडे पाठवायचं, हा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय.

स्पेक्ट्रमच्या सुबकपणात 400 ला तोड नाही. कपलिंगचं, म्हणजे शेजारच्या प्रोटॉनमुळे पीक ज्या रेषांत फुटतं त्यांच्यातलं, हर्ट्झमधलं अंतर चुंबक बदलला तरी तेवढंच राहतं. 7 हर्ट्झ म्हणजे 400 वर जेमतेम 0.02 पीपीएम (स्पेक्ट्रमच्या आडव्या अक्षाचं एकक), पण 60 वर जवळपास 0.12. म्हणून ब्युटाइल साखळीचे मधले प्रोटॉन बेंचटॉपवर एकमेकांत मिसळतात. अवघड रेणूची रचना उलगडायची असेल किंवा कार्बन स्पेक्ट्रम झटपट हवा असेल, तर बेंचटॉपचा हट्ट धरू नये.

माझं पारडं फिरलं ते आठवडाभराच्या वाट पाहण्यामुळे. मुलं इथाइल ॲसिटेट बनवायची, ट्यूब पाठवायचो, पुढच्या आठवड्यात पीडीएफ यायची. एकदा एका मुलीच्या स्पेक्ट्रममध्ये एस्टरच्या 2.05 पीपीएमच्या पीकशेजारी 2.17 ला आणखी एक पीक होतं. ट्यूब ॲसिटोनने धुतल्यावर नीट वाळवली नसावी. "सर, हे माझ्या पदार्थातलं नाही, हे दाखवू कसं?" तिने विचारलं. ट्यूब तोवर रिकामी झाली होती. दाखवायचा मार्गच उरला नव्हता, आणि ते मला फार लागलं.

बेंचटॉप आल्यावर पहिल्याच बॅचमध्ये एकाचा स्पेक्ट्रम पसरट आला. त्याने ट्यूब उजेडात धरली, तर आत सोडियम सल्फेटचे बारीक कण तरंगत होते. पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून त्याने द्रावण गाळलं आणि ट्यूब पुन्हा आत सोडली. थोड्याच वेळात क्वार्टेटच्या (चार रेषांत फुटलेल्या पीकच्या) चारही रेषा सुट्या झाल्या. इतर मुलं काम सोडून बघायला आली.

बेंचटॉपला द्रव हेलियम लागत नाही, पण खोलीचं तापमान हललं की शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याची जुळवणी) बिघडतं. बॅच मोठी असेल तर रांगही लागते. तुमच्याकडे वेगळा अनुभव येऊ शकतो. तरी एस्टर, साधी ॲरोमॅटिक संयुगं, अभिक्रिया किती पुढे गेली हे पाहणं, एवढंच शिकवायचं असेल तर मी बेंचटॉपच घेईन.

400 मी सोडलेलं नाही. वर्षातून दोन-तीनदा तिथून कच्चा एफआयडी (यंत्राने नोंदवलेला मूळ सिग्नल) मागवतो, फेज करेक्शन (पीक सरळ उभे दिसावेत म्हणून करायची दुरुस्ती) मुलांना स्वतः करू देतो आणि त्याच सॅम्पलचा बेंचटॉपवरचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवायला सांगतो.