सेशेल्सला शिडाची बोट घ्यायची तर एकेरी की जोड?

सेशेल्सला जायचं ठरवलेल्या तीन घरांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. बेटं कुठली, रात्री किती, तांडेल भाड्याने घ्यायचा की आपणच चालवायची, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं. घोडं पेंड खातं ते बोटीपाशी. मोनोहल की कॅटॅमरान? वाऱ्याने कलणारी नेहमीची एकेरी बोट, की दोन सांगाड्यांवर पाट टाकलेली, सपाट चालणारी जोडबोट?

मी दोन्ही केल्या. पहिल्या खेपेला ऑक्टोबरच्या शेवटी मोनोहल: मी, बायको, दोन मुलं आणि आई. दुसऱ्या खेपेला एप्रिलात, परीक्षा आटोपल्यावर कॅटॅमरान, कारण दादा, वहिनी आणि पुतण्याही यायला निघाले. दोन्ही बोटी साधारण तेरा मीटरच्या, दोन्ही वेळा सात रात्री, आणि वाटही तीच: माहे, क्यूरियूज, प्रास्लिन, ला दीग आणि परत माहे. महिने मुद्दाम असे निवडले. आपला दर्या बंद असतो तेव्हा तिकडे आग्नेयेचा वारा जोरात असतो. तोच वारा पुढे विषुववृत्त ओलांडून वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी होऊन येतो. एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन वाऱ्यांमधले निवांत महिने. सोबत म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर बाकीच्या महिन्यांचा मी विचारही करणार नाही.

जाताना मनाचा कल कॅटॅमरानकडेच होता, हे आधी कबूल करतो. आम्हा मालवणच्या लोकांना उलांडीची होडी, म्हणजे बाजूला तोलासाठी लाकूड जोडलेली, समजावून सांगावी लागत नाही. कॅटॅमरान हा शब्दही तमिळ कट्टुमरमवरून आलेला, म्हणजे बांधलेली लाकडं. शिवाय ज्याला विचारावं तो सांगायचा, कुटुंब आहे ना, मग जोडबोटच. पहिल्या वर्षी ती परवडली नाही म्हणून एकेरी घेतली. दुसऱ्या वर्षी आठ माणसांत भाडं वाटलं गेलं, तेव्हा वाटलं, आता खरी मजा.

आणि मजा होतीच. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं असतं. त्यावर पालथं पडून मुलं तासन्‌तास खालचं पाणी बघत होती. माझ्या मुलीने या जाळ्यावरच आपलं मत कॅटॅमरानला देऊन टाकलं. चार खोल्या चार कोपऱ्यांत, म्हणजे दोन भावांचे दोन संसार एकमेकांच्या कानाआड. मोनोहलवर आईची जपमाळ, मुलाचं घोरणं आणि पहाटे संडासाच्या पंपाची खटखट सगळ्यांना सारखीच ऐकू येते. आठवडाभर दादाशी माझं एकदाही वाजलं नाही, याचं श्रेय मी त्या चार कोपऱ्यांना देतो.

स्वयंपाकघराबद्दल बायकोचं मत माझ्या विरुद्ध आहे, ते जसंच्या तसं मांडतो. कॅटॅमरानवर ओटा वर, बैठकीला लागूनच असतो. कांदा चिरताना समुद्र दिसतो, गप्पांत भाग घेता येतो. मोनोहलवर तो खाली. पाच उभ्या पायऱ्या उतरून गेलं की वरचं हसणं तेवढं ऐकू येतं. “मला तळघरात घालून तुम्ही वर सूर्यास्त बघा,” हे तिचं वाक्य आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मोनोहलची शेगडी झुलती असते. बोट कितीही कलली तरी टोप सपाट राहतो. प्रास्लिनला घेतलेल्या तांबोशीसारख्या माशाचं (तिकडे त्या माशाला बुर्ज्वा म्हणतात) तिखलं आम्ही चालत्या बोटीवर केलं, रस्सा सांडला नाही. कोकमाचं आगळ इथून नेलं होतं, नारळ तिथे हवे तेवढे. खवणी मात्र घरची न्या.

चालवण्यात मला फरक जाणवला तो असा. मोनोहल कलून सांगते. वारा वाढला की एक बाजू पाण्याकडे जाते, भांडी सरकतात, आई “आता पुरे” म्हणते आणि आपण शीड आखडतो. कॅटॅमरान काहीच सांगत नाही. ती सपाटच पळत राहते आणि सगळा ताण मुकाट्याने डोलकाठीवर जातो. वाऱ्याच्या काट्याकडे बघून, कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे शीड कमी करायचं. ज्याला आकड्यांवर चालवायची सवय आहे त्याला हे सोपं जाईल. मी काकांच्या होडीत, ढुंगणाखालच्या फळीने काय सांगितलं ते ऐकत शिकलो. मला ते मुकेपण सवयीचं झालं नाही. अर्थात एप्रिलात वारा इतका पडलेला होता की अर्ध्याहून जास्त वाट आम्ही इंजिनावर कापली. ऑक्टोबरात माहेहून प्रास्लिनला आडव्या वाऱ्यावर पाचेक तासांत सुरेख पोचलो होतो. तेव्हा या बाबतीत माझी तुलना पुरती न्यायाची नाही, हेही धरून चला.

बोट लागण्याचं म्हणाल तर उलटंच झालं. कलणाऱ्या बोटीवर कोणालाच लागली नाही आणि सपाट बोटीवर वहिनीला दोन दिवस लागली. जोडबोटीचे हेलकावे आखूड आणि झटक्याचे असतात. एक सांगाडा एका लाटेवर, दुसरा दुसऱ्या. पण वहिनीला आंबोली घाटातही गाडी लागते, त्यामुळे सगळा दोष बोटीवर ढकलत नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन सांगाड्यांना जोडणारा पाट पाण्यापासून दोन-अडीच फुटांवर असतो. त्याच्याखालून लाट जाते. मोठी, संथ लाट असेल तर कळतही नाही. पण नांगरावर असताना वारा एकीकडून आणि पाण्याची ओढ दुसरीकडून असली की बोट आडवी-तिरपी उभी राहते, आणि बारीक, उभी लाट त्या पाटाला खालून थाप मारते. धप्. मग दहा सेकंद काही नाही. मग धप्, धप्. तालात असती तर माणूस झोपला असता. एसटीत झोपतोच की आपण. इथे ताल नाही. पुढची थाप कधी येणार याची वाट बघत कान जागे राहतात. पुढच्या खोल्यांतला पलंग अर्धा या पाटावरच येतो, म्हणजे कोणीतरी उशीखाली बुक्की मारावी तसं.

मी आईला पुढची खोली दिली होती. हवेशीर म्हणून.

क्यूरियूज आणि प्रास्लिनच्या मधल्या पाण्यात आम्ही नांगर टाकला होता. पहाटे तीनच्या सुमारास माझ्या दारावर टकटक झाली. आई उभी. “रे, खाली कोण दार ठोकता?” तिचं माहेर देवबागचं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. लाटेच्या आवाजाने ती आयुष्यात कधी जागी झालेली नाही. त्या रात्री आम्ही दोघं मागच्या बाकावर बसून राहिलो. ती आकाशात ध्रुव शोधत होती. तो सापडणार नव्हता, सेशेल्स विषुववृत्ताच्या चार-पाच अंश खाली, ध्रुव क्षितिजाखाली. हे सांगितलं तर म्हणाली, मग इथल्या लोकांनी घरी परत जायचं कसं? त्यावर मी काहीतरी थातुरमातुर बोललो. थापा चालूच होत्या.

तुम्ही म्हणाल, जागा का नाही बदलली? कारण रात्री बदलता येत नाही. सूर्य बारा महिने सव्वासहाच्या आसपास मावळतो, प्रवाळ अंधारात दिसत नाही, आणि काळोख पडल्यावर बोट हलवायची नाही अशी अट आमच्या करारातच होती. दुसऱ्या संध्याकाळी दुसरी जागा घेतली. तिथे थोडं कमी, पण होतंच. आईला बैठकीतलं टेबल खाली करून त्यावर गादी घातली. बंदरावरच्या एका खलाशाने नंतर सांगितलं ते मला पटलं: वजन वाढलं की पाट पाण्याकडे उतरतो आणि थाप वाढते. आम्ही आठ माणसं, पाण्याच्या टाक्या काठोकाठ, तांदळाच्या दोन गोणी, वहिनीच्या तीन बॅगा. म्हणजे ज्या मोठ्या कुटुंबासाठी कॅटॅमरान सांगतात, त्याच कुटुंबाच्या सामानाने ती जास्त ठोकते.

त्या जागरणानंतर क्यूरियूजवर मुलं राक्षसी कासवांच्या माना खाजवत होती, आणि आई एका कासवाशेजारी झाडाला टेकून गाढ झोपली होती. तो फोटो घरात लावलाय.

मोनोहलची रात्र निर्दोष असते असं नाही. ऑक्टोबरात प्रास्लिनच्या आन्स लाझिओ किनाऱ्याला ती इतकी लोळली की ताटं कपाटात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरत राहिली. उसळती लाट बाजूने लागली की एकेरी बोट पाळण्यासारखी झुलते, आणि हा पाळणा कोणालाच नको असतो. पण त्याला उपाय निघाला. रबरी होडीत छोटा नांगर घेतला, मागच्या बाजूने दूर जाऊन वाळूत टाकला, दोर आवळला. बोटीची नाळ लाटेकडे वळली आणि वीसेक मिनिटांत लोळणं बऱ्यापैकी थांबलं. थापेवर असा उपाय मला सापडला नाही. बोट फिरवून बघितली, तर आवाज पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला, एवढंच. माझा कौल फिरला तो इथे. कदाचित दुसऱ्या बोटीचा पाट वीतभर उंच असेल, कदाचित आमचं नशीब. ज्यांची झोप गाढ आहे त्यांना हा सगळा परिच्छेद फुकटचा वाटेल.

बाकीचं थोडक्यात. ला दीगच्या बंदरात जागा चिंचोळी आहे. पुढून नांगर आणि मागून काठाला दोर, असं लागावं लागतं. सात मीटर रुंद कॅटॅमरानला फट शोधावी लागली, मोनोहल दोन बोटींच्या मध्ये सहज शिरली होती. उलट दोन इंजिनांमुळे कॅटॅमरान जागच्या जागी फिरते. मोनोहल मागे घेताना मला घाम फुटला होता आणि शेजारच्या फ्रेंच आजोबांनी दोर झेलला म्हणून अब्रू वाचली. उथळ पाण्यात जोडबोट पुढे, यात वाद नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मोनोहलच्या पायऱ्या त्रास देतात. आई त्या बसून, एकेक करत उतरायची. कॅटॅमरानचं भाडं आम्हाला जवळजवळ दीडपट पडलं, माणशी काढलं तर फरक फारसा राहिला नाही.

बोट कुठलीही घ्या, प्रास्लिनला एक दिवस जमिनीवर ठेवा. व्हॅले द मेच्या रानात दर्याचा नारळ झाडावर लागलेला बघायला मिळतो. तो नैसर्गिकरीत्या प्रास्लिन आणि क्यूरियूजवरच होतो. आईने गोसाव्यांच्या हातात त्याचा कमंडलू पाहिला होता, झाड कुठे असतं ते तिला साठी उलटल्यावर कळलं. एक घ्यायचा मोह झाला तर सरकारी परवान्यासकट घ्या, नाहीतर विमानतळावर काढून घेतील.

आठ माणसं असतील, दोन संसार असतील, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर कॅटॅमरान घ्या, मी अडवणार नाही. मात्र म्हाताऱ्या माणसांना मागची खोली द्या. टाक्या रोज लागतील तेवढ्याच भरा. ताब्यात घेण्याआधी धक्क्यावर वाकून पाट पाण्यापासून किती वर आहे ते बघा. कागदावर तो आकडा बहुधा नसतो. पाच-सहा जण असाल आणि त्यांतल्या एकाला जरी होडीत बसायची सवय असेल, तर मला वाटतं एकेरीचा विचार करायला हरकत नाही.

दादाला पुन्हा कॅटॅमरानच हवी आहे, बायकोही त्याच्या बाजूने आहे. आईला विचारलं तर म्हणाली, “माका ती वाकडी होडीच बरी.” तिकडे भाड्याच्या बोटींत कॅटॅमरानच जास्त, एकेरी मोजक्या, आणि ऑक्टोबरच्या तारखा लवकर जातात. म्हणून गणपतीची वाट न बघता मी शिमग्यानंतरच एका मोनोहलसाठी लिहून ठेवलंय. खोल्या तीन आहेत. दादाला अजून सांगितलेलं नाही.