मेल कोण पाठवणार: पोस्टफिक्सची यादी की फायरवॉल?

सातपूरच्या एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. वेबसाइटच्या फॉर्मातून कुणीतरी रातोरात फालतू मेलचा धो धो पाऊस पाडला आणि आपला आयपी पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत. सर्व्हरवरच्या यूजरना (म्हणजे ज्या खात्यांच्या नावाने प्रोग्रॅम चालतात) आवरायचं, तर दोन वाटा दिसल्या.

पहिली, पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधली 'ऑथराइज्ड सबमिट यूजर्स' ही सेटिंग, आवृत्ती 2.2 पासूनची. मूळ सेटिंगनुसार सगळ्यांनाच मुभा असते. यादी दिली की सेंडमेल कमांड (सर्व्हरवरूनच मेल सोडायची आज्ञा) चालवणाऱ्याचा खरा यूजर आयडी तपासला जातो आणि नाव नसेल तर तिथेच नकार. एका ओळीचं काम. पण गोम अशी, की ती फक्त सेंडमेल कमांडपुरती. स्क्रिप्टने थेट 127.0.0.1 च्या (म्हणजे त्याच मशिनच्या) 25 नंबर पोर्टला, मेलच्या नेहमीच्या दाराला, जोडणी केली, तर यादी कुणी विचारतही नाही, कारण स्वतःच्याच मशिनवर पोस्टफिक्सचा सहसा विश्वास असतो.

दुसरी वाट आयपीटेबल्सची, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलची. बाहेर जाणाऱ्या 25 पोर्टवर फक्त पोस्टफिक्सच्या यूजरला सोडायचं. स्वतःचं मेल इंजिन घेऊन आलेली स्क्रिप्ट इथे अडते. सेंडमेलमार्गे आलेला मेल मात्र सुटतो, कारण बाहेर नेणारा पोस्टफिक्सच असतो. आयपीव्ही6 चे (नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यांचे) नियम वेगळे लिहावे लागतात. (मी विसरलो होतो.)

माझं मत: आधी यादी, मग फायरवॉल, आणि त्यात लूपबॅकचा (त्याच 127.0.0.1 चा) 25 पोर्टही धरा. वेब सर्व्हरच्या यूजरला अडवलंत तर चौकशीचा फॉर्मही बंद पडतो. त्याला लॉगिन-पासवर्डसह 587 पोर्ट द्या.