आर्गनचे पैसे घेतले, रॉड मारला आणि वर सिल्व्हर पेंट!

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून ठाण्यात भाजी आणणारा आमचा टेम्पो आहे. त्याच्या गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियम केसिंगचा बोल्ट बसतो तो कान तडकला आणि ऑइल गळायला लागलं. कळव्याच्या मेकॅनिकने केसिंग उतरवून हातात दिलं. "दादा, याला आर्गनच मारून घ्या," एवढं बजावून सांगितलं. आर्गन म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग; रॉड म्हणजे फ्लक्सचा लेप असलेल्या सळीने केलेलं.

वागळे इस्टेटमधल्या एका वेल्डिंगवाल्याला मी तेच सांगितलं. "आर्गनच मारणार शेठ, संध्याकाळी घेऊन जा." आर्गनचा म्हणून चढा भाव घेतला. बिल मागितलं तर दुकानाच्या कार्डामागे पेनाने ‘केसिंग आर्गन’ आणि रक्कम लिहून दिली. संध्याकाळी केसिंग मिळालं ते सिल्व्हर पेंट मारलेलं. पेंट कशाला, तर म्हणे गंज लागू नये म्हणून. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढतच नाही. तो पेंट जोड झाकायला होता.

पावसाळ्यात ऑइल पुन्हा गळायला लागलं. कानाजवळचा पेंट फुगला होता, खाली पांढरी भुकटी. या वेळी केसिंग रबाळे एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारागिराकडे नेलं. त्याने ग्राइंडर लावला तर आधी एम-सीलसारख्या पुट्टीचा भुगा उडाला. त्याखालचं वेल्डिंग पावासारखं जाळीदार, तेही वरवरचं. तडा आत तसाच होता.

हे आर्गन नाही, रॉड मारलाय, हे त्याने नीट समजावलं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही पुढे. रॉडवरचा फ्लक्स हा पापुद्रा फोडतो. तो क्लोराइड-फ्लोराइडच्या क्षारांचा असतो, हवेतली ओल लगेच ओढतो. उघड्या पाकिटातला सर्दावलेला रॉड मारला की जोडात भोकं राहतात. आणि काम झाल्यावर फ्लक्स धुतला नाही, तर ओल लागून तोच शेजारचा धातू खात जातो. माझ्या केसिंगवरची पांढरी भुकटी म्हणजे हेच.

अॅल्युमिनियमला रॉड चालतच नाही, असं मात्र नाही. ४०४३ म्हणून मिळणारा, साधारण पाच टक्के सिलिकॉनचा रॉड जाड कास्टिंगला चालतो. पण मशीन डीसी हवं, रॉड पॉझिटिव्हला, कोरडा. जॉबमध्ये मुरलेलं ऑइल काढायचं, तड्याला व्ही आकाराची खाच मारायची, जाड भाग आधी तापवायचा. एवढं करून कोणी "रॉड मारतोय" असं सांगून रॉडचे पैसे घेतले, तर माझी काही तक्रार नाही. मला राग आहे तो खोटं बोलण्याचा. हा कान सुटला असता तर भरल्या गाडीचा गिअरबॉक्स ठाणे-बेलापूर रोडवर, ट्रेलरच्या गर्दीत हलला असता. गाडीत आमचा ड्रायव्हर असतो, त्यालाही घरदार आहे!

वागळेवाल्याकडे परत गेलो तर "अॅल्युमिनियमला गॅरंटी नसते" म्हणाला. कार्डामागची अक्षरं दाखवली तेव्हा गप्प झाला, पैसे काही दिले नाहीत. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. कार्ड आणि ग्राइंडिंगच्या वेळचे फोटो जपून ठेवलेत. जुना जोड पूर्ण कापून कान नव्याने भरावा लागला, केसिंगचा फेस, म्हणजे जोडणीची सपाट बाजूही मशीनवर मारून घ्यावी लागली. पहिल्यांदाच नीट झालं असतं तर हा खर्च आलाच नसता.

तुमचं असं काम असेल तर वेल्डिंग चालू असताना समोर उभे राहा. आर्गनवाल्याच्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात बारीक फिलर वायर असते, बाजूला गॅसचा सिलिंडर असतो. स्लॅग, म्हणजे जोडावर गोठलेला फ्लक्सचा थर, ठोकून काढावा लागत नाही. जॉब पेंट न मारता ताब्यात घ्या. रॉडनेच करून घेतलं असेल तर गरम पाणी आणि स्टेनलेसचा तारेचा ब्रश घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यातला फ्लक्स त्याच दिवशी घासून काढा आणि जॉब पूर्ण वाळवूनच ऑइल भरा.