रेकॉर्ड केलेला कार्यक्रम ‘लाइव्ह’ दाखवताना आवाज टिकवण्याचा खटाटोप : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी दर आठवड्याला एक कार्यक्रम यूट्यूबवर थेट प्रक्षेपित करते आणि त्यातला पहिला तासभर नेहमीच आधी रेकॉर्ड केलेला असतो. कधी ते व्याख्यान असते, कधी मुलाखत, तर कधी पियानोचे किंवा छोट्या वाद्यवृंदाचे वादन. ते संपले की वक्ते किंवा कलाकार प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर येऊन प्रश्नांना उत्तरे देतात. या कामासाठी मी थेट प्रक्षेपणाचे ओबीएस स्टुडिओ आणि ध्वनी-चित्र फाइलींवर प्रक्रिया करणारे एफएफएमपेग ही दोन मोफत, मुक्तस्रोत साधने वापरते. चित्राबद्दल पहिल्या आठवड्यापासून कोणाची तक्रार आली नाही. आवाज मात्र मनासारखा होईपर्यंत जवळजवळ चार महिने गेले. त्या काळातल्या माझ्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून झाल्या. थेट प्रक्षेपणाच्या साधनांमधल्या बऱ्याच सोयी माइकवरून येणाऱ्या कच्च्या आवाजासाठी असतात आणि मी त्या सगळ्या संपादन पूर्ण झालेल्या, पक्क्या ध्वनिमुद्रणावर लावत होते.

सुरुवातीची पद्धत अगदी सरळ होती. संगणकावरच्या प्लेअरमध्ये व्हिडिओ लावायचा, ती खिडकी ओबीएसमध्ये घ्यायची आणि आवाज ‘डेस्कटॉप ऑडिओ’मधून उचलायचा. यात अडचण अशी की, आवाज थेट फाइलमधून न येता ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमधून फिरून येतो आणि वाटेत जे जे भेटेल ते सोबत घेऊन येतो. प्लेअरची आवाजाची पट्टी आदल्या रात्री कोणी कमी करून ठेवली असेल, तर प्रेक्षकांनाही आवाज कमीच जातो. साउंड कार्डाची ‘एन्हान्समेंट’ चालू असेल, तर खर्ज उगाच फुगतो. दुसऱ्याच कार्यक्रमात पियानोचा एक लांब स्वर विरत असताना ईमेल आल्याची ‘टिंग’ सर्वांनी स्पष्ट ऐकली. ती स्वरात होती, अशी चेष्टाही एका श्रोत्याने केली, पण मला त्यात फारशी गंमत वाटली नाही.

त्यानंतर मी ओबीएसच्या ‘मीडिया सोर्स’कडे वळले. यात ओबीएस स्वतः फाइल उघडून तिच्यातला आवाज थेट आपल्या मिक्सरमध्ये घेते आणि सिस्टिमचा मिक्सर पूर्णपणे वगळला जातो. एवढ्या एका बदलाने निम्मे काम झाले असते, पण मी डेस्कटॉप ऑडिओ बंद करायला विसरले. शिवाय मला हेडफोनवर ऐकू यावे म्हणून मीडिया सोर्सचे मॉनिटरिंग ‘मॉनिटर अँड आउटपुट’वर ठेवले होते. परिणामी तोच आवाज दोन वाटांनी स्ट्रीममध्ये पोहोचू लागला, एकदा फाइलमधून आणि काही मिलिसेकंदांनंतर पुन्हा डेस्कटॉपवरून. इतक्या कमी अंतराने दोन प्रती एकमेकींवर पडल्या की प्रतिध्वनी असा वेगळा जाणवत नाही. काही कंपनसंख्या एकमेकींना खोडतात, काही दुप्पट होतात आणि बोलणारा माणूस पत्र्याच्या नळीतून बोलतो आहे असे वाटते. मी दोन आठवडे मूळ रेकॉर्डिंगलाच दोष देत राहिले. शेवटी मिक्सरमध्ये दोन पट्ट्या अगदी बरोबरीने नाचताना दिसल्या, तेव्हा प्रकाश पडला. आता सेटिंग्जच्या ऑडिओ विभागात डेस्कटॉप ऑडिओ कायमचा ‘डिसेबल’ आहे. याच ठिकाणी उलटी चूकही होऊ शकते. ‘मॉनिटर ओन्ली’ निवडले, तर आपल्याला हेडफोनवर सगळे छान ऐकू येते आणि प्रेक्षकांपर्यंत मात्र शांतता पोहोचते.

सर्वांत महागात पडलेली चूक फिल्टरची होती. प्रश्नोत्तरांच्या माइकसाठी मी नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातले अंतर कमी करणारा) आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा) असे तीन फिल्टर बसवले होते आणि ते उत्तम चालत होते. ‘दोन्हीकडे आवाज सारखा लागावा’ या भाबड्या समजुतीने मी तेच फिल्टर कॉपी करून मीडिया सोर्सवर चिकटवले. व्याख्यान असताना फरक कळला नाही. पुढच्या आठवड्यात वादन होते. ओबीएसमधली आरएनएनॉइज ही पद्धत माणसाचे बोलणे राखून बाकीचे दाबण्यासाठी घडवलेली आहे, त्यामुळे पियानोचा स्वर वाजल्यावर त्याची जी शेपटी हवेत राहते, ती तिच्या लेखी गोंगाटच ठरते. प्रत्येक स्वर मध्येच कात्रीने कापल्यासारखा संपत होता, झांजेचा झणत्कार फुसफुशीत झाला होता आणि टाळ्या पाण्यात वाजवल्यासारख्या येत होत्या. त्यात कॉम्प्रेसरने हळुवार आणि जोरकस वादनातले अंतर बुजवून टाकले. ज्या ध्वनिमुद्रकाने ते मिश्रण दोन दिवस बसून केले होते, त्याने कार्यक्रमानंतर फोन करून एवढेच विचारले, “माझी फाइल मिळाली होती ना?” तेव्हापासून मीडिया सोर्सवर एकही फिल्टर नाही आणि त्याची पट्टी शून्य डेसिबलवर असते. आवाज कमीजास्त करायचा असेल, तर ते काम आधी फाइलवर करायचे, प्रक्षेपणात नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

एन्कोडिंगच्या, म्हणजे आवाज साठवण्या-पाठवण्याच्या स्वरूपात बदलण्याच्या बाबतीत मला बरीच मोजदाद करावी लागली. एएसी हे दाबून साठवण्याचे असे तंत्र आहे, ज्यात थोडी माहिती प्रत्येक वेळी कायमची जाते. संपादन झालेला व्हिडिओ एएसीमध्ये काढला की एकदा, ओबीएसने स्ट्रीमसाठी पुन्हा एन्कोड केला की दुसऱ्यांदा आणि प्रेक्षकांना देण्याआधी यूट्यूबने पुन्हा दाबला की तिसऱ्यांदा, अशी आवाजाची छाटणी होते. तिसरी आपल्या हातात नाही, पण पहिली टाळता येते. आता मी संपादकाकडून एमओव्ही (.mov) प्रकारची व्हिडिओ फाइलच मागते आणि तिच्यात आवाज न दाबलेल्या पीसीएम स्वरूपात घेते. मीडिया सोर्स ती फाइल कुरकूर न करता वाजवते. ओबीएसमध्ये ऑडिओ बिटरेट, म्हणजे आवाजासाठी दर सेकंदाला खर्ची पडणारी माहिती, मुळात १६० किलोबिट प्रति सेकंद असतो. यूट्यूबची स्टीरिओसाठीची शिफारस १२८ ची आहे. मी २५६ ठेवते, कारण पुढे पुन्हा दाबला जाणारा आवाज आपल्याकडून शक्य तितका धडधाकट जावा. माझ्या स्ट्रीममध्ये चित्रालाच ४,५०० किलोबिट लागतात, तिथे आवाजासाठी आणखी १२८ दिल्याने एकूण भार तीन टक्क्यांनीही वाढत नाही. चित्रासाठी हजारो किलोबिट मोकळ्या हाताने देणारे आपण आवाजाच्या शंभर-सव्वाशेवर घासाघीस का करतो, हे मला अजून उमगलेले नाही.

सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४४.१ किलोहर्ट्झ असावा की ४८, या वादावर जेवढे लिहिले जाते, तेवढे त्यात काही नाही, असे माझे मत झाले आहे. एकदा नीट केलेले रूपांतर माझ्या कानांना ओळखता आले नाही. मी फाइल, ओबीएस आणि साउंड कार्ड तिन्ही ४८ वर ठेवते, म्हणजे रूपांतराचा प्रश्नच उरत नाही आणि डोक्याला एक ताप कमी होतो.

लाउडनेसचा, म्हणजे आवाज कानाला किती मोठा लागतो याचा प्रश्न मात्र खरोखर किचकट निघाला. आमची व्याख्याने हळू आवाजात रेकॉर्ड झालेली असत आणि प्रश्नोत्तरांचा माइक दणदणीत असे. तासभर आवाज वाढवून ऐकणारा श्रोता प्रत्यक्ष भाग सुरू होताच दचकत असे. ओबीएसचे मीटर यात पुरेसे पडत नाही, कारण ते क्षणाक्षणाची पातळी दाखवते. ती उणे २० डेसिबलपर्यंत हिरवी, तिथून उणे ९ पर्यंत पिवळी आणि त्यापुढे लाल होते. पूर्ण कार्यक्रम कानाला सरासरी किती मोठा लागतो, हे एलयूएफएस या मापाने कळते. युरोपीय प्रसारकांच्या आर१२८ या मानकात ते लक्ष्य उणे २३ आहे. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा व्हिडिओ वाजवताना खाली आणते, पण लहान आवाजाचा व्हिडिओ वर उचलत नाही. मी दोन्ही भागांसाठी उणे १६ ठरवले आणि शिखरे, म्हणजे आवाजाचे सर्वांत उंच क्षण, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाहीत असे बंधन घातले. एएसीमध्ये दाबताना शिखरे मुळापेक्षा किंचित वर उसळतात, म्हणून तेवढी जागा सोडावी लागते.

हे करण्यासाठी एफएफएमपेगचा लाउडनॉर्म हा फिल्टर हाताशी होता, आणि तो मी नीट न वाचता वापरला. एका फेरीत चालवला, तर तो आवाज जागोजागी वरखाली करत जातो, म्हणजे जो कॉम्प्रेसर मी दारातून बाहेर काढला होता, तोच खिडकीतून आत आला. मग दोन फेऱ्या केल्या, पहिलीत मोजणी आणि दुसरीत बदल. तरीही वादनाच्या फाइल सपाट होत होत्या. लाउडनेसच्या पल्ल्याचे (हळू आणि मोठ्या भागांमधल्या अंतराचे) या फिल्टरमधले मूळ लक्ष्य ७ असते आणि आपल्या फाइलचा पल्ला त्याहून मोठा असला की तो गुपचूप त्याच वरखाली करण्याच्या पद्धतीकडे परत जातो. भरीस भर म्हणून त्या पद्धतीत तो सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झवर नेतो. एकदा तयार झालेली एएसी फाइल ९६ किलोहर्ट्झची निघाली (एएसी त्याहून वर जात नाही), तेव्हा मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते. शेवटी मी लाउडनॉर्म बाजूला ठेवला. आता ईबीयूआर१२८ या फिल्टरने फक्त मोजते, समजा उणे २१ आले, तर साध्या व्हॉल्यूम फिल्टरने पूर्ण फाइल ५ डेसिबलने वर घेते आणि शिखरे मर्यादेबाहेर जातात का ते पाहते. जात असतील, तर कमी उचलते आणि त्या आठवड्यात माइकचाच आवाज तेवढा खाली आणते. वादनाच्या कार्यक्रमांत हे हमखास करावे लागते.

ओठ आणि आवाज यांची फारकत एकदाच झाली. एका वक्त्याने फोनवर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाठवला होता, आणि फोन बहुधा बदलत्या फ्रेमरेटने, म्हणजे दर सेकंदाला कमीजास्त चित्रे घेत, रेकॉर्ड करतात. सुरुवातीला सगळे जुळलेले असूनही तासाभरात अंतर डोळ्यांना खुपू लागले. ओबीएसमधल्या सिंक ऑफसेटचा (आवाज मागेपुढे सरकवण्याच्या सोयीचा) अशा वेळी उपयोग होत नाही, कारण तो एकच ठरावीक अंतर भरून काढतो आणि इथे अंतर वाढत जाते. फाइल आधीच स्थिर फ्रेमरेटवर आणली, की प्रश्न मिटतो.

प्रश्नोत्तरे नसतील, तेव्हा मी ओबीएस उघडतच नाही. एफएफएमपेगमध्ये ‘आरई’ हा पर्याय लावला, की ते फाइल तिच्या मूळ गतीने वाचते (तो विसरला, तर तासाभराची फाइल जमेल तितक्या वेगाने पुढे ढकलली जाते) आणि ‘कॉपी’ सांगितले, की चित्र आणि आवाज दोन्ही न उघडता, जसेच्या तसे पुढे पाठवले जातात. या पद्धतीसाठी आवाज आधीच एएसीमध्ये असावा लागतो, पण तो शांतपणे, एकदाच, ३२० किलोबिटला केलेला असतो. अट एवढीच, की चित्रातल्या कीफ्रेम (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण फ्रेम) दर दोन सेकंदांनी याव्यात, कारण कॉपी करताना त्या नंतर घालता येत नाहीत. संगणकावर भार इतका नगण्य पडतो, की जुन्या लॅपटॉपवरही हे काम निवांत चालते.

तपासणीसाठी मी दर वेळी एक असूचीबद्ध (फक्त दुवा असलेल्यांनाच दिसणारी) स्ट्रीम दहा मिनिटे चालवते आणि त्यात मुद्दाम टाळ्या व झांज असलेला तुकडा घेते, कारण दाबलेल्या आवाजाची दुर्दशा सर्वांत आधी तिथे ऐकू येते. एकदा ओबीएसमधले स्थानिक रेकॉर्डिंग आणि मूळ फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवली, नमुना न नमुना जुळवला आणि एकीची ध्रुवता उलटी केली, म्हणजे सारखा भाग एकमेकांना खोडतो आणि फक्त फरक ऐकू येतो. दोन्ही अगदी सारख्या असत्या, तर पूर्ण शांतता उरली असती. प्रत्यक्षात एक बारीक, वरच्या पट्टीतली खरखर उरली, तीही टाळ्यांच्या ठिकाणीच. बोलण्याच्या भागात जवळजवळ काहीच नाही. फिल्टर लावलेल्या जुन्या रेकॉर्डिंगवर हाच प्रयोग केला, तेव्हा मात्र खाली उरलेल्या आवाजात अख्खा पियानो ओळखू येत होता.

नेटवर्कची मला जी भीती होती, ती अनाठायी ठरली. जोडणी मंदावली, की ओबीएस चित्राच्या फ्रेम सोडून देते आणि आवाज राखते, त्यामुळे चित्र अडखळले तरी व्याख्यान ऐकू येत राहते. माझ्या यादीत उरलेली खरी खोट म्हणजे रेकॉर्ड केलेल्या भागातून प्रत्यक्ष भागात जातानाचा सांधा. फाइलमधल्या सभागृहाची धीमी गाज अचानक तुटते आणि खोलीतली वेगळीच शांतता सुरू होते. सध्या मी संपादकाला शेवटच्या टाळ्यांनंतर सभागृहाच्या गाजेचे दहा सेकंद राखायला सांगते आणि ती विरत असताना माइक उघडते.

मागच्या महिन्यातल्या दोन कार्यक्रमांत प्रत्यक्ष भाग नव्हताच. ते मी यूट्यूबच्या प्रीमियर सुविधेने दाखवले. फाइल आदल्या दिवशी चढवली, ठरलेल्या वेळी सर्वांनी ती एकत्र पाहिली, शेजारी गप्पाही झाल्या आणि मधले थेट एन्कोडिंग पूर्ण वगळले गेले. त्या ध्वनिमुद्रकाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी तो पुढच्या रेकॉर्डिंगची तारीख विचारत होता.